सव्वा टक्क्याचा प्रश्न

कोळसा खाणीतल्या गॅस टेस्टिंगची परीक्षा अंधारात होते. उमेदवाराच्या हातात पितळी सुरक्षा दिवा असतो. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये ज्या तत्त्वावर तो बनवला, तेच तत्त्व आजही त्यात आहे: ज्योतीभोवती बारीक जाळी, म्हणजे आतल्या जाळाची उष्णता बाहेरच्या वायूला पेटवू शकत नाही. उमेदवाराने वात खाली उतरवून ज्योत इतकी बारीक करायची, की तिचा पिवळा उजेड जवळजवळ विझला पाहिजे. मग दिवा सावकाश वर न्यायचा. हवेत मिथेन असेल तर ज्योतीच्या डोक्यावर फिकट निळी टोपी दिसू लागते. वायू वाढतो तशी ती उंच आणि टोकदार होते. टोपीच्या आकारावरून टक्केवारी सांगायची, ही परीक्षा.

ऐकायला सोपं, करायला अवघड. मिथेन हवेहून हलका, वजनाने जवळपास निम्मा, म्हणून तो छताखाली पातळ थरात साचतो. दिवा झटकन वर नेला की तो थर ढवळला जातो आणि आकडा चुकतो. उजेडातून आलेल्या डोळ्यांना पहिली काही मिनिटं टोपी दिसतच नाही. सराव केलेल्या डोळ्यालाही साधारण सव्वा टक्क्याच्या खाली काही कळत नाही. आणि नेमक्या याच आकड्यावर कायदा थांबायला सांगतो. कोळसा खाणीच्या विनियमांप्रमाणे कोणत्याही ठिकाणी ज्वलनशील वायू १.२५ टक्क्यांवर जाता कामा नये. गेला तर वीज तोडायची, सुरुंग लावायचा नाही आणि माणसं बाहेर काढायची. एखाद्या विभागातून परत येणाऱ्या हवेसाठी मर्यादा आणखी कडक, ०.७५ टक्के.

मिथेनचा स्फोट साधारण ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत होऊ शकतो. म्हणजे सव्वा टक्का हा धोक्याच्या उंबरठ्याचा चौथा हिस्सा. उरलेले तीन हिस्से माणसांना बाहेर पडायला दिलेला वेळ आहे. हे ज्याला कळलं त्याला १.२५ हा आकडा पाठ करावा लागत नाही. या प्रकरणात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे: खाणीच्या सक्षमता परीक्षांचा अभ्यास आकड्यांचा नाही, आकड्यांमागच्या कारणांचा आहे. ज्याने कारण सोडून आकडा धरला तो कधी कधी पास होतो, पण त्याच्या हाताखाली माणसं सुरक्षित नसतात.

नागपूर हे या परीक्षांचं गाव आहे असं म्हटलं तर चालेल. वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतली वेकोलि, हिचं मुख्यालय इथे. मँगनीज काढणाऱ्या मॉयलचं मुख्यालयही इथेच. १९४८ मध्ये स्थापन झालेला भारतीय खाण ब्युरो सिव्हिल लाइन्समध्ये. परीक्षा घेणाऱ्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं मुख्यालय धनबादला असलं तरी त्याच्या पश्चिम विभागाचं कार्यालय नागपुरात आहे. व्हीएनआयटीत खाण अभियांत्रिकीची शाखा आहे, शासकीय तंत्रनिकेतनात खाणकाम आणि खाण सर्वेक्षणाची पदविका आहे. देशभरच्या खाणींत ओव्हरमन आणि मॅनेजर होऊ पाहणारी मुलं ज्या पुस्तकाने सुरुवात करतात, ते डी. जे. देशमुखांचं अनेक खंडांतलं ‘एलिमेंट्स ऑफ मायनिंग टेक्नॉलॉजी’ नागपुरातूनच प्रकाशित झालं. झरियाच्या कोलियरीतला मुलगा नागपूरच्या छापखान्यातून निघालेलं पुस्तक वाचून शिकतो, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

हे योगायोगाने झालेलं नाही. रामटेकजवळच्या मनसरला १८९९ च्या सुमारास मँगनीजचं खोदकाम सुरू झालं. त्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण होती. १८७० च्या दशकाच्या आरंभी ती चालू झाली आणि आगी व जमीन खचणं यांनी त्रासून १९०६ मध्ये बंद पडली. देशाचा पहिला खाण कायदा १९०१ चा. त्याची अंमलबजावणी करणारी तपासणी यंत्रणा ७ जानेवारी १९०२ ला कोलकात्यात उभी राहिली, तीच आजचं महासंचालनालय. वरोऱ्याची खाण चालू असतानाच हा कायदा आला. खाण चालवणाऱ्याने आपली पात्रता सिद्ध करायला हवी, या विचाराचं मूळ त्या काळात आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा खाण कायदा आला. त्याखाली कोळशासाठी १९५७ चे आणि धातूंच्या खाणींसाठी १९६१ चे विनियम आले. कोळशाचे विनियम २०१७ मध्ये नव्याने लिहिले गेले.

परीक्षांची चढण खालून समजून घेतलेली बरी. कोळशात सगळ्यांना लागतो तो गॅस टेस्टिंगचा दाखला आणि प्रथमोपचाराचा दाखला. त्यानंतर सरदार. खाणीतला सरदार म्हणजे एका ठरलेल्या विभागातल्या माणसांचा थेट रखवालदार. पाळी सुरू होण्याआधीच्या दोन तासांत त्याने आपला विभाग फिरून छत, बाजू, वायू, हवा तपासायची, आणि मगच माणसं आत न्यायची. त्याच्यावर ओव्हरमन, त्याच्यावर असिस्टंट मॅनेजर, आणि सगळ्यांच्या वर मॅनेजर. मॅनेजरकीसाठी सेकंड क्लास आणि फर्स्ट क्लास अशी दोन प्रमाणपत्रं, आणि त्या दोन्हींचे दोन प्रकार: सर्व खाणींसाठी चालणारं आणि फक्त खुल्या खाणींपुरतं मर्यादित. धातूंच्या खाणीत नावं वेगळी: मेट, ब्लास्टर, फोरमन, मग मॅनेजर. सर्वेक्षकाची परीक्षा दोन्हीकडे स्वतंत्र. तिच्याकडे मुलं दुर्लक्ष करतात हे चूक आहे. का, ते पुढे येईल.

मॅनेजरच्या परीक्षेत कोळसा काढण्याच्या पद्धती, वायुवीजन, यंत्रसामग्री, सर्वेक्षण आणि कायदा-सुरक्षा असे विषय येतात. मान्यताप्राप्त पदवीधराला बाकीच्या विषयांतून सूट मिळते. कायद्यातून सूट कोणालाच नाही. आयआयटीचा असो की पाळीत काम करत वर आलेला, कायद्याच्या पेपरला दोघं शेजारी बसतात. कारण सरळ आहे. १९५२ च्या कायद्याने प्रत्येक खाण एकाच मॅनेजरच्या ताब्यात दिली. काही बिघडलं तर कंपनी कोणाचीही असो, प्रश्न आधी त्या प्रमाणपत्रावरच्या नावाला विचारला जातो. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर प्रमाणपत्र निलंबित किंवा रद्दही होतं.

आता पाण्याकडे येऊ. विदर्भातल्या उमेदवाराने एकाच विषयावर जास्तीत जास्त वेळ द्यायचा असेल तर तो पाण्यावर द्यावा असं माझं ठाम मत आहे.

कोळसा खाणीत माणसं मेली की लोक स्फोट आठवतात. २८ मे १९६५ ला धोरी खाणीत कोळशाच्या धुळीच्या स्फोटात २६८ जण गेले, ते विसरण्यासारखं नाहीच. पण आपल्या भागाच्या दुर्घटनांमध्ये पाणी पुन्हा पुन्हा दिसतं. १० डिसेंबर १९५४ ला छिंदवाडा जिल्ह्यात परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसलं आणि ६३ जण बुडाले. तेव्हा नागपूर हीच मध्यप्रदेशाची राजधानी होती. ती बातमी इथल्या सचिवालयासाठी घरचीच होती. १८ नोव्हेंबर १९७५ ला नागपूर जिल्ह्यातल्या, खापरखेड्याजवळच्या सिल्लेवाडा खाणीत पाणी शिरून १० जण गेले. कोल इंडियाची स्थापना होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्यानंतर ३९ दिवसांनी, २७ डिसेंबरला, धनबादजवळच्या चासनाल्यात वरच्या बाजूला जुन्या खोदकामात साठलेलं पाणी फुटून खाली आलं. ३७५ जण मेले. चासनाला सगळ्यांना ठाऊक असतं. सिल्लेवाड्याचं नाव नागपुरातल्या उमेदवारालाही अनेकदा सांगता येत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

आता १९५७ च्या विनियमांतले १२६ आणि १२७ हे नियम उघडा. २०१७ नंतर क्रमांक बदलले, पण खाणीतली जुनी माणसं अजून याच क्रमांकांनी बोलतात. पहिला नियम जमिनीवरच्या पाण्याचा. खाणीचं तोंड नदीच्या ज्ञात सर्वोच्च पूरपातळीपेक्षा किमान दीड मीटर उंच हवं. नदीच्या काठापासून आडव्या रेषेत १५ मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदकाम नाही. कन्हान आणि वर्धा या नद्यांच्या खोऱ्यांत ज्यांच्या खाणी आहेत त्यांनी हे वाचताना आपल्या खाणीचा नकाशा समोर ठेवावा. पूरपातळी कोणत्या वर्षीची धरली आहे, नाल्याचा बांध कुठे आहे, पावसाळ्याआधी त्याची पाहणी कोण करतो, हे स्वतःच्या खाणीत शोधून काढलं की नियम डोक्यात कायमचा बसतो.

दुसरा नियम जमिनीखालच्या पाण्याचा, आणि तो अधिक अवघड आहे. बंद पडलेल्या जुन्या खोदकामात पाणी असेल, किंवा असण्याची शक्यता असेल, तर त्यापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही. परवानगी मिळाली तरी गॅलरी, म्हणजे खाणीतला बोगदा, २.४ मीटरपेक्षा रुंद किंवा उंच ठेवायची नाही. खोदकामाच्या पुढे भोकं पाडत जायचं: मध्यभागी एक आणि दोन्ही बाजूंना पुरेशी. ही भोकं नेहमी खोदकामाच्या किमान ३ मीटर पुढे असली पाहिजेत.

साठ, दोन पूर्णांक चार, तीन. परीक्षेला बसणारा मुलगा हे तीन आकडे पाठ करतो आणि दोन महिन्यांत विसरतो. त्याऐवजी कागदावर चित्र काढा. समोर पाण्याने भरलेली जुनी गॅलरी, तिच्याकडे जाणारी आपली गॅलरी. पाणी नेमकं समोर असेल तर मधलं भोक ते शोधेल. पण जुनी गॅलरी थोडी तिरकी असेल तर? मधलं भोक तिच्या शेजारून निघून जाईल, आणि बाजूची भिंत आतून पातळ होत जाईल. बाजूची भोकं त्यासाठी. गॅलरी रुंद ठेवली तर मधल्या आणि बाजूच्या भोकांमधलं अंतर वाढतं आणि तिथून पाणी निसटतं. २.४ चं उत्तर त्यात. भोकातून पाणी आलं तर ते बुजवायला आणि माणसं मागे घ्यायला मधे भक्कम कोळसा हवा. ३ मीटरचं उत्तर त्यात. चित्र एकदा नीट काढलं की आकडे आपोआप जागेवर बसतात, आणि परीक्षकाने प्रश्न फिरवून विचारला तरी अडायला होत नाही.

आणि ६० मीटर मोजायचे कशावरून? नकाशावरून. जुन्या खाणीचा नकाशा बरोबर असेल तरच. नकाशा चुकला, किंवा शेवटच्या काही महिन्यांचं खोदकाम त्यावर चढवलंच नव्हतं, तर ६० मीटर हे कागदावरचं समाधान होतं. म्हणून सर्वेक्षकाची परीक्षा हलकी समजू नका असं वर म्हटलं. खाणीत भिंत किती जाड आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते सर्वेक्षकाच्या रेषेवर विश्वास ठेवून ठरतं.

वायुवीजनाचा भाग गणितामुळे अनेकांना भीतिदायक वाटतो. खरं तर तो सर्वांत न्याय्य भाग आहे, कारण तिथे आकडा कुठून आला ते दिसतं. नियम असा: सर्वांत मोठ्या पाळीत जितकी माणसं, त्या प्रत्येकामागे मिनिटाला ६ घनमीटर हवा, किंवा रोजच्या प्रत्येक टन उत्पादनामागे मिनिटाला २.५ घनमीटर, यांतलं जे जास्त असेल ते. समजा एका विभागात मोठ्या पाळीला २०० माणसं आहेत आणि रोज ८०० टन कोळसा निघतो. माणसांच्या हिशेबाने १,२०० घनमीटर लागतात, कोळशाच्या हिशेबाने २,०००. दुसरा आकडा धरायचा. का? माणसाच्या श्वासाला लागणारी हवा थोडी असते. कोळसा फुटताना वायू सोडतो, धूळ उडते, यंत्रं तापतात, ते सगळं वाहून न्यायला जास्त हवा लागते. म्हणून यंत्रं आली, माणसं कमी झाली, तरी हवा कमी करता येत नाही. प्रश्नसंचात हा हिशेब शेकडो वेळा येतो. ‘जे जास्त असेल ते’ हे शब्द का आहेत हे मात्र फार कमी उमेदवार सांगू शकतात.

हवेत ऑक्सिजन १९ टक्क्यांहून कमी नको, कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याहून जास्त नको, ओल्या फुग्याच्या तापमापकाचा पारा ३३.५ अंशांवर जायला नको. हा शेवटचा आकडा नागपूरकराला पहिल्यांदा खटकतो. मे महिन्यात आपल्याकडे साधा पारा ४५ च्या पुढे जातो आणि माणसं कामं करतात, मग ३३.५ ला काय घाबरायचं? पण आपला उन्हाळा कोरडा. घाम सुकतो, म्हणून अंग थंड राहतं. ओल्या फुग्यावर तेव्हा पारा बराच खाली असतो. खाणीत खाली हवा ओली. घाम सुकत नाही, नुसता गळतो. तिथे ओल्या फुग्याचा ३३.५ अंश म्हणजे शरीराचा स्वतःला थंड करण्याचा उपायच संपत आलेला असतो. म्हणून ३०.५ च्या पुढे हवेचा वेग सेकंदाला किमान १ मीटर ठेवायला सांगितलं आहे.

वर्धा खोऱ्यातल्या कोळशाची आणखी एक खोड आहे: तो आपोआप तापतो. कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषतो, त्यातून उष्णता निर्माण होते, ती निघून जायला वाट मिळाली नाही की आग. ही आग दिसण्याआधी वासाने आणि वायूच्या नमुन्याने कळते. त्यासाठी ग्रॅहमचं गुणोत्तर शिकवतात: कमी झालेल्या ऑक्सिजनच्या तुलनेत किती कार्बन मोनॉक्साइड तयार झाला. एक उदाहरण सोडवून पाहा. नमुन्यात नायट्रोजन ७९.२० टक्के, ऑक्सिजन २०.४८ टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड ०.००४ टक्के. नायट्रोजनला ०.२६५ ने गुणलं की २०.९९ येतात, म्हणजे मुळात इतका ऑक्सिजन असायला हवा होता. तूट ०.५१. आता ०.००४ भागिले ०.५१, गुणिले १००: उत्तर ०.७८ च्या आसपास. अर्ध्या टक्क्यापर्यंत सगळं ठीक मानतात, १ टक्क्याला तापणं सुरू झालं असं धरतात, २ ला स्थिती गंभीर, ३ च्या पुढे आग. म्हणजे आपण मधे कुठेतरी आहोत. आता लक्षात घ्या, ०.००४ टक्के म्हणजे दशलक्षात ४० भाग, आणि परवानगीची मर्यादा ५० भागांची आहे. मीटर पाहणारा म्हणेल, मर्यादेत आहे. गुणोत्तर मांडणारा म्हणेल, उद्या पुन्हा नमुना घ्या, परवाही घ्या, आणि आकडा चढतोय का ते बघा. या दोघांपैकी कोणाच्या हाती खाण द्यायची, हे ठरवण्यासाठी परीक्षा असते.

धातूच्या खाणींत मिथेनची धास्ती सहसा नसते, म्हणून त्या परीक्षा सोप्या असा एक गैरसमज आहे. मॉयलची बालाघाटची भरवेली खाण आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण मानली जाते. तिथे प्रश्न वेगळे: वरच्या बाजूचा खडक कसा धरायचा, काढलेली पोकळी वाळूने कशी भरायची, सुरुंगाचा धूर केव्हा निघून जातो. ब्लास्टरच्या तोंडी परीक्षेत न फुटलेल्या सुरुंगाचा प्रश्न हमखास येतो. भोकात स्फोटक तसंच राहिलं. ते उकरायचं नाही, त्यातलं काही ओढून काढायचं नाही. शेजारी, किमान ३० सेंटिमीटर अंतरावर, समांतर नवं भोक पाडून तो उडवायचा. समांतर का? तिरकं गेलं तर आत कुठेतरी ते जुन्या भोकाला जाऊन भिडेल. कितीजण ‘३० सेंटिमीटर’ सांगतात आणि ‘समांतर’ विसरतात. जीव जातो तो त्या विसरलेल्या शब्दामुळे.

गेल्या काही वर्षांत मॅनेजरच्या लेखी परीक्षा संगणकावर, पर्यायी उत्तरांच्या झाल्या. तपासणी झटपट होते, अक्षराचा प्रश्न मिटला, हे चांगलंच झालं. पण या पद्धतीबरोबर प्रश्नसंचांचं पीक आलं. पूर्वी दीर्घ उत्तरात आकृती काढावी लागे, कारण लिहावं लागे. आता चार पर्यायांत ६० मीटर ओळखला की काम भागतं. मी प्रश्नसंच वापरू नका असं म्हणत नाही. वेळेचा सराव त्यावर होतो. पण शेवटी वापरा. आधी विनियमांची मूळ प्रत, तीही चालू दुरुस्त्यांसह, मग महासंचालनालयाची परिपत्रकं, मग देशमुख, आणि वायुवीजनासाठी जी. बी. मिश्रांचं पुस्तक. परिपत्रकं कंटाळवाणी वाटतात. त्यांतली अनेक एखाद्या विशिष्ट अपघातानंतर निघालेली आहेत. कोणत्या अपघातानंतर ते वाचलं की कंटाळा जातो.

पाळीत काम करणाऱ्याचा अभ्यास घरी बसलेल्या विद्यार्थ्यासारखा होत नाही. आठवडा पहिल्या पाळीचा, आठवडा दुसऱ्या पाळीचा, मग रात्रपाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन काही वाचू नये. आधी वाचलेलं खाणीत जाऊन पाहावं. आज नियमांतला छताच्या आधाराचा भाग वाचला, तर उद्या फेसवर, म्हणजे कोळसा तोडायच्या जागी, जाऊन गॅलरी मोजावी. रुंदी ४.८ मीटर आणि उंची ३ मीटर या मर्यादेत आहे का? खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर खोलीप्रमाणे वाढत जातं. आपल्या खोलीला किती हवं आणि किती आहे? छत काठीने ठोकून आवाज ऐकावा. घट्ट छत टणक वाजतं, सुटलेलं पोकळ. पुस्तकात हा आवाज नाही. ओव्हरमनच्या तोंडी परीक्षेत विचारतात की छत वाजायला लागलं तर पहिलं काय करशील. घाबरलेला उमेदवार आधाराच्या खांबांची मापं सांगू लागतो. बरोबर उत्तर त्याआधीचं आहे: माणसं बाहेर काढीन, वाट कुंपण घालून बंद करीन, वर कळवीन, मग आधार. हा क्रम ज्याने कधीतरी खरोखर पाहिला आहे त्याच्या तोंडून तो न अडखळता येतो.

भाषेचं एक सांगायला हवं. खाणीत हुकूम हिंदीत चालतो. माणसं मराठी, छत्तीसगढी, तेलुगू बोलतात. पुस्तकं इंग्रजीत. तंत्रनिकेतनातला मराठी मुलगा इंग्रजी वाक्य घोकतो आणि तोंडी परीक्षेत अर्थ विचारला की गप्प होतो. प्रत्येक नियम आपल्या भाषेत, आपल्या खाणीतल्या जागेचं नाव घालून, एका वाक्यात लिहून काढावा. जे वाक्य आपल्याला लिहिता येत नाही, तो नियम आपल्याला कळलेला नाही.

अर्जासोबत अनुभवाचा दाखला लागतो आणि इथे काही ठिकाणी जे घडतं त्याबद्दल बोललं जात नाही. ओळखीने दाखले मिळतात. जमिनीवर काढलेले महिने भूमिगत दाखवले जातात. ज्याने अंधारात दिवा धरलाच नाही, त्याच्या शब्दावर पुढे शंभर माणसं खाली उतरतात. खोटी माहिती उघड झाली तर प्रमाणपत्र जातंच, पण ते उघड व्हायच्या आत काय होईल याची मला जास्त भीती वाटते.

याच अनुभवाच्या अटीने अर्ध्या उमेदवारांना अनेक दशकं दाराबाहेर ठेवलं. १९५२ च्या कायद्याच्या ४६ व्या कलमाने स्त्रियांना भूमिगत कामाची बंदी होती. परीक्षेच्या हॉलमध्ये बसायला कोणी अडवलं नसतं, पण भूमिगत अनुभवच घेता येत नसेल तर पूर्ण प्रमाणपत्र मिळणार कसं? चंद्राणी प्रसाद वर्मा यांना नागपुरात खाण अभियांत्रिकीच्या पदवीला प्रवेश मिळवण्यासाठी न्यायालयात जावं लागलं. रामदेवबाबा महाविद्यालयातून त्या १९९९ मध्ये पदवीधर झाल्या आणि नागपूरच्याच केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेच्या केंद्रात शास्त्रज्ञ म्हणून खडकाच्या स्थैर्यावर काम करू लागल्या. २०१९ च्या अधिसूचनेने तांत्रिक, पर्यवेक्षी आणि व्यवस्थापकीय कामांसाठी स्त्रियांना लेखी संमतीने सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात भूमिगत जाण्याची मुभा दिली. त्यानंतर काही वर्षांतच राजस्थानच्या जस्त खाणींत संध्या रसकटला आणि गोव्याच्या योगेश्वरी राणे या भूमिगत खाणीच्या व्यवस्थापकीय पदांवर गेल्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९५२ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत सामावला आहे. कायद्याच्या पेपरला बसणाऱ्याने आपल्या पुस्तकाची आवृत्ती पहिल्या पानावर तपासावी आणि अभ्यासक्रम महासंचालनालयाच्या ताज्या सूचनेशी ताडून पाहावा. कलमांचे क्रमांक बदलतील, विनियमांची नवी मांडणी येईल. मिथेन पाच टक्क्यांनाच पेटेल, आणि कन्हानला पूर यायचा तेव्हा येईलच.